बायबलचें मराठी वाचन

रावेरकडे केळीच्या मळेवाल्यांच्या घरीं पोळ्याला बैलांची पूजा होते आणि पुरणपोळीचा घास त्यांना आदरानें भरविला जातो. अशा घरांत लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची कथा वाचली, तर काय होईल? परतलेल्या लेकाला दुरून पाहतांच बाप धांवत जातो, त्याला पोटाशीं धरतो. येथवर ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पुढें आनंदाच्या भरांत बाप पोसलेलें वासरूं कापवितो, आणि ऐकणारा थबकतो. पॅलेस्टाइनांत जी औदार्याची परिसीमा, ती येथें निर्दयतेची खूण ठरते. वचन तेंच; कान मात्र निराळे.

हें केवळ हिंदु कानांचेंच होतें, असें समजण्याचें कारण नाहीं. मूळ ग्रीकमध्यें जेथें मन पालटण्याची आज्ञा आहे, तेथें लॅटिन बायबल वाचणाऱ्या युरोपानें शतकानुशतकें प्रायश्चित्त घेण्याची आज्ञा वाचली. १५१६ सालीं इरॅस्मसनें ग्रीक पाठ छापला. पुढच्याच वर्षीं लूथरच्या पहिल्या प्रबंधाचा विषय हाच शब्द झाला.

मराठींत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं छापलेल्या आपल्या क्रिस्तपुराणांत ओवी स्वीकारली आणि स्वर्गासाठीं वैकुंठ हा शब्दही निःसंकोच वापरला. पंडिता रमाबाईंनीं नेमकी उलट वाट धरली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं केडगांवीं केलेलें भाषांतर, १९२२ मधील त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. हिंदु धर्मकल्पना चिकटलेले शब्द त्यांत कटाक्षानें टाळले आहेत. पुराणें सांगतच वाढलेल्या या विदुषीला शब्दांचें ओझें कोणी समजावून द्यावयास नको होतें!

त्यांची भीति अनाठायीं नव्हती. निकदेमाला येशू नव्यानें जन्मण्यास सांगतो. तेथें 'पुनर्जन्म' हा शब्द येतांच, ज्या फेऱ्यांतून सुटावयाचें त्याच फेऱ्यांत पडण्याचा तो उपदेश वाटूं लागतो. पण परंपरा तरी एकसुरी कोठें आहे? भक्तिसुखासाठीं पुन्हां जन्म आनंदानें मागणारे तुकोबाही तिच्यांतलेच. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें सांगत, आणि त्यांचे ख्रिस्ती अभंग वाचतांना तें पटतें. भाषांतरकारानें रमाबाईंसारखें सावध असावें हें खरें. परंतु शब्द धुऊन पुसून वाचकाचें मन कोरें होत नाहीं, आणि होतें तर टिळकांना तो पूल सांपडला नसता.

वासराला मात्र पर्यायी शब्द नाहीं. तें तसेंच वाचावें लागतें. रावेरच्या ऐकणाऱ्याला त्या कथेंत एक सोबती मात्र आहे. थोरला भाऊही त्या वासरापाशींच अडतो. त्याचें कारण निराळें, त्याला स्वतःला कधीं करडूंसुद्धां मिळालें नव्हतें. तो रागावून अंगणांतच उभा राहतो, आणि मेजवानी सोडून बाप त्याची समजूत घालण्यास बाहेर येतो. तो आंत गेला कीं नाहीं, हें लूक सांगत नाहीं.