माकडताप : दोष कुणाचा?



काजूचा हंगाम जवळ आला की सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत माकडतापाची चर्चा सुरू होते. सत्तरीत हा ताप २०१५ साली आला, दोडामार्गच्या केर गावात २०१६ साली. बागेत माकड मरून पडले की लोक म्हणतात, "माकडांनीच आणला." आधीच नारळ-केळींची नासधूस, त्यात हे दुखणे. मग माकडांचा बंदोबस्त करा, अशी मागणी होते.

पण माकड या रोगाचा पहिला बळी आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी विषाणू ओळखला. तो माणसाला देते गोचीड, तीही खसखशीएवढे पिल्लू. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात. तिथेच आपण काजू वेचतो, राबासाठी पातेरा गोळा करतो.

दुसरा समज म्हणजे हा निसर्गाचा कोप आहे. ऐकायला बरे वाटते, पण कोप म्हटले की माणसाने करण्यासारखे काही उरत नाही. विषाणू रानातले उंदीर आणि गोचिडी यांच्यात पूर्वीपासून फिरतो आहे. बदलली ती आपली वहिवाट. जंगल तोडून बागा लावल्या, उरलेल्या रानात गुरे सोडली. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात आणि वाढतात. दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात १९८२-८३ साली मोठी साथ आली, ती काजू लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. प्रत्येक रुग्णामागे तुटलेले झाड शोधू नये. पण रान, बाग आणि गुरे जिथे एकमेकांत मिसळतात तिथे धोका वाढतो, हे अभ्यासातून दिसले आहे. म्हणून माकडे मारून किंवा राहिलेले रान साफ करून हा ताप जाणार नाही.

हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाला वाळीत टाकू नका. मात्र त्यावर नेमके औषध नाही आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणून बागेत जाताना अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल उघड्या अंगाला लावा. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडेही धुवा. मेलेल्या माकडाला हात लावू नका, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. डिसेंबर ते मे या काळात ताप आला, तर आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा. आणि ग्रामसभेत नव्या बागेसाठी जंगल तोडण्याचा विषय निघाला, तर गोचिडीचा विषयही तिथे काढा.