एका वेल्डरच्या निवृत्तीचा हिशेब



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे शिकलो ते कारखान्याच्या गेटवर आणि युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके शब्दाला शब्द लावून वाचत. तेव्हा आज सिद्धांत सांगणार नाही. एका वेल्डरच्या नोकरीचे शेवटचे पंधरा दिवस सांगणार आहोत.

गोष्ट 2023 सालची, पिंपरी-चिंचवडकडील एका बॉयलरच्या कारखान्यातली. नावागावाशी आपल्याला कर्तव्य नाही. शॉपमध्ये सगळे त्यांना दादा म्हणत; आपणही दादाच म्हणू.

वेल्डिंग म्हणजे ठिणग्या उडवणे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु वाफेचा दाब सोसणारी नळी जोडावयाची, तर पहिला थर आतल्या बाजूस नीट उतरावा लागतो. तो चुकला, तर वर कितीही सुबक थर चढवा, एक्स-रेच्या फिल्मवर दोष उमटतोच. कांडीने ओल धरली, तर जोडात हायड्रोजन शिरतो आणि काम थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. 1943 च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज मधोमध दुभंगले. पहिले बोट जोडकामाकडे दाखवले गेले. पोलादच थंडीत ठिसूळ होत होते, हे मागाहून उमगले. वेल्डरला हे नवे नाही. म्हणून तो आपल्या जोडाशेजारी स्वतःचा नंबर पंचाने ठोकतो. काम कोणाचे, हे लोखंडच सांगते.

दादांनी असे सदतीस वर्षे केले. त्या धुरात सदतीस वर्षे श्वास घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत धरला. तोपर्यंत दादांची एकतीस वर्षे होऊन गेली होती.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले, तेव्हा कचेरीतून हिशेबाचा कागद आला. 1972 च्या कायद्याप्रमाणे दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरावयाचा. दादांचा मूळ पगार व महागाईभत्ता मिळून सव्वीस हजार. म्हणजे वर्षाला पंधरा हजार. कागदावर वर्षे एकतीस आणि रक्कम चार लाख पासष्ट हजार. 1986 ते 1992 ही सहा वर्षे गायब! का? तर तेव्हा दादा कंत्राटदाराच्या मस्टरवर होते.

येथे आम्हाला आमचीही चूक सांगितली पाहिजे. 1992 साली माणसे कायम करण्याचा करार आमच्याच युनियनने केला. आम्ही तेव्हा तरुण कार्यकर्ते होतो. गुलाल उधळला, पेढे वाटले. मागची नोकरी धरावी, ही एक ओळ करारात आहे की नाही, ते कोणी पाहिले नाही. त्या ओळीची किंमत नव्वद हजार रुपये.

कंत्राटदार केव्हाच नाहीसा झालेला. आम्ही हात टेकले. तेव्हा दादा म्हणाले, “साहेब, मस्टर नसेल. माझा नंबर असेल.” तपासणी खात्याच्या जुन्या वह्या काढल्या. 1988 पासून पानोपानी दादांचा नंबर आणि खाली कंपनीच्या फोरमनची सही. पगार कंत्राटदार वाटत होता. काम देणारा, तपासणारा आणि नापास करणारा कंपनीचाच माणूस होता. चार वर्षे मान्य झाली. आधीच्या वह्या मिळाल्या नाहीत. दोन वर्षांचे तीस हजार बुडाले ते बुडालेच.

त्याच दिवसांत दादांच्या हाताखाली कंत्राटाची दोन पोरे शिकावयास दिली होती. पोरांचा हात चांगला. त्यांनी केलेल्या जोडावर दादांचा नंबर ठोकावा, असे वरून सांगणे आले. म्हणजे परीक्षेचा खर्च वाचेल. दादांनी पंच खिशात घातला. म्हणाले, “माझा नंबर माझ्याबरोबर घरी येणार. पोरांची परीक्षा घ्या आणि त्यांना त्यांचे नंबर द्या.” हातात पैसे पडावयाचे असताना हे बोलणे सोपे नव्हते. परीक्षा झाली. दोघेही पास झाले. शेवटच्या दिवशी हारतुरे झाले, पण दादा भाषणाला उभे राहिले नाहीत. ते पोरांच्या जोडाशेजारचे नवे नंबर वाकून पाहत होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याविषयी आमचे आक्षेप पुष्कळ आहेत. ते दुसऱ्या सभेत. परंतु ग्रॅच्युइटीचा पंधरा दिवसांचा हिशेब त्यांत राहिला आहे आणि नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. तेव्हा एकच विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या मुलाला, भाच्याला, शेजारच्या पोराला विचारा: बाबा रे, तुझे नेमणूकपत्र कोठे आहे? नसेल, तर मागावयास लावा. असेल, तर जपून ठेवा. लोखंडावरचा नंबर टिकतो. पण तो दरवेळी सापडतोच असे नाही.