खूण एक, तर लेखनाची रीतही एक
(व्याख्यानाचा मजकूर)



बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, त्या काळी कुर्डुवाडी स्थानक 'बार्शी रोड' या नावाने ओळखले जाई. बार्शीचा लोहमार्ग अडीच फुटी, तर मुंबई-मद्रास लोहमार्ग साडेपाच फुटी. साहजिकच बार्शीकडील माल येथे उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. गाडी बदले, वाघीण बदले, हातही बदलत. अशा वेळी पोत्यावरील खूण व पावतीवरील खूण तंतोतंत जुळणे अगत्याचे असे. पुढे मार्ग रुंद झाला आणि ही चढउतार संपली.

संगणकाच्या जगात मात्र अशी कुर्डुवाडी पावलोपावली लागते. नागरिकाने एखाद्या दाखल्यासाठी अर्ज केला, की तो अर्ज ओळख तपासणारे, शुल्क घेणारे, नोंदी पाहणारे आणि निरोप धाडणारे अशा अनेक यंत्रांतून फिरतो. तो कोठे अडला हे कळावे, म्हणून पहिले यंत्र त्याला एक मागोवा-क्रमांक देते. पुढचे प्रत्येक यंत्र तोच क्रमांक आपल्या रोजनाम्यात नोंदवून पुढे पाठवते. या पद्धतीस वितरित मागोवा म्हणतात.

परंतु या यंत्रांवरील आज्ञावल्या निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या असतात. क्रमांक एकच, पण एक आज्ञावली तो दशमान पद्धतीने लिहिते, दुसरी षोडशमान पद्धतीने. एक मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे वापरते, दुसरी लहान लिपीतील. एखादी आरंभीची शून्ये निरर्थक समजून गाळते. माणसाला ००७३ आणि ७३ एकच वाटतील. अक्षरास अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला ती दोन वेगळी नावे होत. तेथेच माग तुटतो.

या दोषाची गंमत अशी, की तो नेहमी दिसत नाही. षोडशमान क्रमांक यदृच्छेने निवडला, तर त्याच्या आरंभी शून्य येण्याचा प्रसंग सरासरीने सोळांत एकदाच येतो. चाचणीत चार-पाच अर्ज सुरळीत पार पडतात, आणि पुढे एखाद्या खऱ्या अर्जाचाच पत्ता लागत नाही.

यावर उपाय म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये 'ट्रेस कॉन्टेक्स्ट' हे मानक प्रसिद्ध केले. मागोवा-क्रमांक बरोबर ३२ चिन्हांचा, प्रत्येक टप्प्याचा क्रमांक १६ चिन्हांचा. अक्षरे लहान लिपीतील. आरंभीची शून्ये कायम. आणि सर्व शून्यांचा क्रमांक अग्राह्य, असा त्याचा दंडक आहे. 'ओपनटेलिमेट्री' या खुल्या प्रकल्पाच्या आज्ञावल्या हाच दंडक पाळतात.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. कुर्डुवाडी हे नावच कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. रेल्वेचा संकेत मात्र 'केडब्ल्यूव्ही' हाच. रेल्वेच्या वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो व त्यातील शेवटचा अंक केवळ पडताळणीसाठी राखलेला असतो. एवढी दक्षता ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या यादीतही हवी. वृद्ध विधवेच्या बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि तो संगणकीय तक्त्यात साधी संख्या म्हणून भरला, तर शून्य नाहीसे होते. 'एक्सेल'मध्ये तर पंधराव्या अंकापुढील सर्व अंकांची शून्ये होतात. मग निवृत्तिवेतन मंजूर होऊनही रक्कम हाती पडत नाही, आणि दोष नेमका कोणाचा हे कोणालाच उमगत नाही.

उपाय सोपा आहे. रकाना भरण्यापूर्वीच तो 'मजकूर' म्हणून ठरवावा, अंकांची संख्या मोजावी, आणि यादी पुढे धाडण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहावी. ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नाही, ती संख्या नव्हे. ते नाव आहे. आणि नावातील एकही अक्षर गाळण्याचा अधिकार कोणास नसतो.