उजेड हवा, ऊन नको

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या जुन्या वास्तूच्या जागी नवी वास्तू उभारण्याचे ठरले असून तिचा नकाशा सभासदांच्या पाहणीसाठी कार्यालयात लावण्यात आला आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर ६० फूट लांब व ४० फूट रुंद असे मोठे सभागृह त्यात योजिले आहे. व्यायामशाळा, कॅरम व टेबल टेनिसचे खेळ आणि घरगुती समारंभ हे सर्व तेथेच व्हावयाचे आहेत. नकाशा सुबक आहे. परंतु या सभागृहाला चारही बाजूंनी बंद भिंती, वर सपाट स्लॅब आणि त्याखाली शोभेचे छत दाखविले आहे. म्हणजे भर दुपारी बारा वाजता, बाहेर डोळे दिपविणारा प्रकाश असताना, आत एक सोंगटी दिसावयाची तरी दिवे लावावे लागतील. याच एका गोष्टीविषयी मला बोलावयाचे आहे.

मी मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. वास्तुशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु मुलांच्या वहीवर उजेड डावीकडून पडावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर येत नाही, हे पाहण्यात माझी सारी नोकरी गेली. आणि हिशेब मला येतो.

बंद सभागृहाची ही आवड आपल्याकडे आली कोठून? माझ्या मते ती नाट्यगृहावरून आली. गिरगावातील साहित्य संघ मंदिर आणि दादरचे शिवाजी मंदिर या वास्तूंनी मराठी माणसाच्या मनात ‘हॉल’ म्हणजे काय याचे चित्र उमटविले. नाट्यगृहाला अंधार हवाच. त्यावाचून रंगमंचावरील प्रकाशयोजना फुकट जाते. परंतु जोर-बैठका काढणाऱ्या मुलाला अंधाराचे काय प्रयोजन? नाटकाचा प्रयोग तीन तासांचा. आपले सभागृह सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे राहावयाचे आहे, निदान राहावे अशी अपेक्षा आहे. त्याने नमुना घ्यावयाचा तर तो नाट्यगृहाचा नव्हे, आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांचा घ्यावा.

आपल्यापैकी अनेकांचे वडील वा आजोबा साळखात्यात होते. सूतकताई अनेक मजली इमारतीत चाले, पण माग बहुधा एकमजली शेडमध्ये बसवीत. याचे एक कारण मागांचे हादरे आणि दुसरे उजेड. त्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे. प्रत्येक दात्याची दक्षिणेकडील उतरती बाजू कौलांनी वा पत्र्याने झाकलेली आणि उत्तरेकडील उभी बाजू काचेच्या तावदानांची. ही युक्ती विलायतेतील गिरण्यांतून येथे आली. सूर्य बहुतांश वर्षभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या तावदानातून ऊन येत नाही. येतो तो आकाशाचा शांत, सारखा उजेड. तुटलेला धागा त्यात झटकन दिसे. हा उजेड कामगारासाठी नव्हता, कापडासाठी होता, हे मात्र विसरू नये. कारण धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवीत आणि माणसे त्या दमटपणात उबून निघत.

या भागात उजेडाचा इतिहास कष्टाच्या इतिहासाशी जोडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांचे जे निवेदन तयार केले, त्यात रविवारच्या सुटीबरोबरच काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे अशी मागणी होती. दिवस मावळला की काम थांबे. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचे तास चौदा-पंधरापर्यंत वाढले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, छपरे उतरली, आणि आज त्याच जमिनींवरील मॉलमध्ये दिवसभर दिवे जळतात. छपरे गेली, पण त्यांतील शहाणपण आपण का सोडावे?

आता हिशेब. आपल्या सभागृहाचे क्षेत्रफळ २,४०० चौरस फूट. त्याला प्रत्येकी १०० वॅटचे बारा एलईडी दिवे लागतील असे धरू. दररोज दहा तास दिवे म्हणजे १२ युनिट. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० युनिट. युनिटला १२ रुपये धरल्यास ४३,२०० रुपये होतात. यांपैकी सकाळी दहा ते दुपारी चार हे सहा तास दिवे बंद ठेवता आले, तर सुमारे २६ हजार रुपये वाचतील. ढगाळ दिवसांची सूट द्या, तरी विद्यार्थी साहाय्य निधीत भर घालण्याइतकी ही रक्कम आहे. माझी खरी चिंता मात्र निराळी आहे. वीज महाग पडते म्हणून ‘दिवसा सभागृह बंद’ अशी पाटी लागेल, आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या आपल्या भगिनी, वृद्ध मंडळी व परीक्षेचा अभ्यास करणारी मुले यांनाच ते मिळणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग स्लॅबला भोके पाडून सपाट काच बसवू. कृपा करून तसे करू नये. क्षेत्रफळाच्या पाच टक्के, म्हणजे १२० चौरस फूट काच आडवी बसविली, तर ती सुमारे ११ चौरस मीटर होते. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरवर १,००० वॅटच्या आसपास उष्णता पडते. तिच्यातील निम्मीच आत आली तरी ५,५०० वॅट झाली. ती बाहेर काढण्यास दीड टनाचे वातानुकूलन यंत्र हवे, आणि आपण तर १,२०० वॅटचे दिवे वाचविण्यास निघालो होतो! मराठीत उजेड आणि ऊन असे दोन निराळे शब्द आहेत, ते उगाच नव्हेत.

म्हणून काच उभी आणि उत्तरेकडे तोंड केलेली असावी. उभ्या तावदानाला अर्धेच आकाश दिसते, यास्तव क्षेत्रफळ दुप्पट धरावे. प्रत्येकी ४० फूट लांब व दोन फूट उंच अशा तीन ओळी केल्या की २४० चौरस फूट होतात. मुंबईपुरती एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपण सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहोत. १५ मे आणि २८ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अंगणात काठी उभी केली तर सावली नाहीशी होते, हे मुलांना जरूर दाखवावे. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. तेवढ्यासाठी तावदानावर वीतभर छज्जा काढला की काम भागते. दात्यांच्या दक्षिणेकडील उतारावर सौरपट्टे बसविता येतील. उतार वीस अंशांच्या आसपास ठेवल्यास ते त्यांना मानवतोही.

काच परवडत नसेल तर दुधी रंगाचा, आतून पोकळ असा पॉलिकार्बोनेटचा पत्रा चालतो. मात्र त्याच्या एका अंगाला अतिनील किरणांपासून बचाव करणारा थर असतो, ते अंग बाहेर आले पाहिजे. कारागीर उलटे बसवून गेला तर पत्रा लवकर पिवळा पडतो. स्वस्ताईची परिसीमा पाहावयाची तर ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझेर या कारागिराने २००२ मध्ये पाणी व थोडे ब्लीच भरलेली बाटली पत्र्यात बसवून खोली उजळविली. झोपडीला ती वरदान आहे, आपल्या सभागृहाला पुरणार नाही.

खरा शत्रू पाऊस. दोन दात्यांमधील पन्हळ तुंबली की पाणी आत येते, आणि मग पुढची समिती छप्परच बुजवून टाकते. पन्हळ माणूस उभा राहून झाडू शकेल इतकी रुंद असावी, तिला दोन्ही टोकांना नळ असावेत, आणि मे महिन्यात ती साफ करण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे सोपवावे. ‘सर्वांचे काम’ म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, हा आपल्या संस्थेचाही अनुभव आहे.

खेळाप्रमाणे जागा ठरवावी. मल्लखांबावर चढलेल्या मुलाची नजर वर जाते, तेव्हा मल्लखांब तावदानासमोर नको. बॅडमिंटनचे पांढरे फूल उजळ काचेपुढे दिसेनासे होते. तो खेळ संध्याकाळी दिव्यात खेळावा. कॅरमला मात्र वरून येणारा हा पसरट उजेड उत्तम, हाताची सावली पडत नाही.

आणि भिंती पांढऱ्या ठेवा. पांढरा रंग आपल्यावर पडलेल्या उजेडाचा मोठा भाग परत देतो. गडद लाकडी तक्ते तो गिळून टाकतात. नकाशात असे तक्ते दाखविले आहेत, ते गाळले तर खर्च वाढण्याऐवजी उलट कमीच होईल.

वास्तुरचनाकारांकडे आपण दोन गोष्टी मागाव्यात: करवती छपराचा एक पर्यायी आराखडा, आणि दोन्ही आराखड्यांचा बांधकामखर्च व वार्षिक वीजखर्च शेजारीशेजारी मांडलेला तक्ता. तो येईपर्यंत सध्याच्या नकाशावर मंजुरीची सही होऊ नये, अशी सूचना मी येथे मांडतो. तिला अनुमोदन द्यावे ही विनंती करून मी आपली रजा घेतो.