संचालकाची सही आणि घरचा सातबारा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



उत्पादक कंपनीचे संचालक व्हा म्हटले, की गावातला शहाणा माणूस पहिल्यांदा विचारतो, "कंपनी बुडाली तर माझी जमीन जाईल का?" आम्ही याला भित्रेपणा म्हणत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ जमिनीशिवाय दुसरे आहे काय?

कायद्याच्या नजरेत कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. तिचे कर्ज तिचे. कापूस खरेदी केला आणि भाव कोसळला, तर तोटा कंपनीचा; एवढ्यावरून संचालकाच्या घरावर जप्ती येत नाही. मग संचालकाने डोळे मिटून सह्या कराव्यात का?

अमेरिकेत, डेलावेअर राज्यात, हा प्रश्न कोर्टात गेला. ट्रान्स युनियन कंपनीच्या संचालकांनी १९८० साली दोनएक तासांच्या बैठकीत, करार न वाचता, कंपनी विकायला मान्यता दिली. १९८५ साली कोर्टाने त्यांना जबाबदार धरले. साऱ्या संचालकांनी धसका घेतला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला. हयगयीची भरपाई संचालकाच्या खिशातून घ्यायची नाही, असे कलम कंपनीला आपल्या घटनेत घालता येऊ लागले. पण कंपनीशी बेइमानी, जाणूनबुजून कायदेभंग आणि स्वतःचा गैरलाभ यांना तिथेही माफी नाही.

आपल्याकडे उत्पादक कंपनीची तरतूद २००२ साली आली. आज ती २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. आपला कायदा अधिक कडक आहे. कायदा किंवा नियमावली मोडणाऱ्या ठरावाला ज्यांनी मत दिले, त्यांनी कंपनीचे नुकसान मिळून भरायचे आणि एकेकट्यानेही भरायचे. म्हणजे चौघे हात वर करून मोकळे झाले, तर पाचव्याकडून सगळी वसुली होऊ शकते. संचालक प्रामाणिकपणे आणि समजूतदारपणे वागला असेल, तर कोर्ट त्याला सूट देऊ शकते. पण ते कोर्टाच्या मनावर आहे.

म्हणून आमचे सांगणे तीनच गोष्टींचे. हिशेब वाचल्याशिवाय ठरावाला मत देऊ नका. विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. पारावर बोललेला विरोध कोर्टात चालत नाही. आणि कर्ज देणाऱ्याने वैयक्तिक हमी मागितली, तर थांबा. त्या एका सहीने कंपनीचे कर्ज तुमचे होते. सही करण्याआधी घरी विचारा. सातबाऱ्यावर नाव कोणाचेही असो, चूल घरातल्या बाईची विझते.