मातीत कोण राहते?



बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून जिथे तळे खोदवले, त्या सोलापुरात मातीत हात घालणाऱ्या तुम्हा शास्त्रज्ञांचे आणि डाळिंब बागायतदारांचे स्वागत. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ पासून चालू आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आले.

माझे शिक्षण बांधावरचे. माती परीक्षणाचा कागद मी नेमाने आणतो. त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश सगळे असते. मातीत कोण राहते, ते नसते. म्हणून एका वर्षी मीच झाडाच्या घेराखाली वीतभर लांब-रुंद खड्डा घेऊन गांडुळे शोधली. एकही नाही! घाबरून दोन ट्रॉल्या शेणखत मागवले. घोळ नंतर कळला: बाग तेव्हा ताणावर होती, म्हणजे पाणी तोडलेले होते. माती वाळली की गांडूळ खोल जाते आणि अंगाची गाठ करून पडून राहते. पाणी सोडल्यावर तीन आठवड्यांनी त्याच ओळीत सात सापडली. शेणखत वाया गेले नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या मुरमाड माळावर गांडूळ तसेही कमीच. तिथे पाचोळ्याखाली टुणकन उडणारे स्प्रिंगटेल, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट, मुंग्या, वाळवी यांची साक्ष काढावी. मात्र नुसत्या गर्दीला भुलू नये. हुमणीही मातीतच राहते आणि मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमीही.

आता जरा अवघड बोलतो. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या धाकाने आपण वर्षानुवर्षे बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारत आलो. तांबे कुजून नाहीसे होत नाही, वरच्या थरात साठते. बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचेच नाव. तिथल्या द्राक्षमळ्यांत १८८० च्या दशकापासून तांबे साठत आले आहे. आणि जास्त तांबे गांडुळाला सोसत नाही. फवारणी बंद करा, असे मी म्हणणार नाही. तेल्याने गेलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. पण आपल्या मातीत तांबे किती साठले आणि तिथे कोण तग धरून आहे, याचे उत्तर मला या दोन दिवसांच्या मेळाव्यात शास्त्रज्ञांकडून हवे आहे.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. उद्या शिवारफेरीच्या गाड्या सकाळी सातला निघतील. कुदळी आम्ही देऊ. जुने कपडे तेवढे घालून या.