फोनवरचे यंत्र मराठी का बोलत नाही?

(मंडळाच्या वडोदरा येथील मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या एक मावशी दांडिया बाजारात राहतात. वय 82. गेल्या हिवाळ्यात त्यांची फॅमिली पेन्शन खात्यात आली नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला होता, पण तो कुठेतरी अडकला असावा. गुडघ्यांमुळे बँकेत जाणे होत नाही, म्हणून त्यांनी फोन लावला. पूर्वी "गुजरातीसाठी एक दाबा" असे ऐकू यायचे. या वेळी एका मुलीचा गोड आवाज आला आणि तिने हिंदीत विचारले की, मी आपली काय मदत करू? मावशींनी आधी तिचे नाव विचारले! मग सांगितले की, हयातीचा दाखला देऊनही पैसे आले नाहीत. यंत्राने "दाखला" हा शब्द हिंदीतला "दाखिला" समजून मावशींना शैक्षणिक कर्जाची माहिती दिली.

तुम्ही हसलात. मीही हसलो होतो. पण मावशींनी त्या दिवशी चार वेळा फोन केला. खाते क्रमांक सांगताना त्या "दोन" म्हणत, कधी सवयीने गुजराती "बे" म्हणत, आणि यंत्राला यांपैकी काहीच कळत नव्हते. शेवटी "अगं, माणूस दे ना एखादा" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या महिन्याची औषधे उधारीवर आली.

मी 31 वर्षे बँकेत नोकरी केली, म्हणून सांगतो. या यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. आधी ते आपला आवाज अक्षरांत उतरवते, मग त्या अक्षरांचा अर्थ लावून उत्तर तयार करते, आणि शेवटी ते उत्तर आवाजात वाचून दाखवते. यातला तिसरा टप्पा मराठीत आता उत्तम जमतो. पंचाईत पहिल्या टप्प्यात होते. ज्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून यंत्राला शिकवले, त्यांच्यासारखे बोलणाऱ्याचेच त्याला चटकन कळते. आणि आपले बोलणे कसे आहे? नंबर सांगायचा गुजरातीत, तक्रार मराठीत आणि वैतागायचे हिंदीत. बेळगावच्या किंवा इंदूरच्या आपल्या माणसांचीही तीच गत, फक्त मिसळण वेगळी.

तरीही माझे मुख्य गाऱ्हाणे यंत्राविरुद्ध नाही, हे नीट लक्षात घ्या. इतकी वर्षे आपण मराठीचा आग्रह धरला की एकच उत्तर मिळे, "मराठी जाणणारा कर्मचारी आमच्याकडे नाही." ते उत्तर काही अंशी खरे होते. वडोदऱ्याच्या शाखेत बदलून आलेल्या बिहारच्या तरुणाने मराठी कुठून आणावी? पण यंत्राची बदली होत नाही. तेच यंत्र नाशिकच्या ग्राहकाशी मराठीत बोलू शकते, तर वडोदऱ्याच्या ग्राहकाशी का नाही? केंद्र सरकारने 2022 साली 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला, त्यात मराठी आहे. मद्रासच्या आयआयटीतील 'एआयफॉरभारत' या गटाने आठव्या अनुसूचीतील सर्व 22 भाषांतले बोलणे गोळा केले, त्यातही मराठी आहे. तेव्हा साधन नाही ही सबब आता चालणार नाही. राज्याची सीमा पाहून भाषांची यादी कुणीतरी कार्यालयात बसून ठरवतो, आणि गुजरातच्या यादीत मराठी घालायची त्याला आठवण होत नाही.

याच शहरात 1931 साली सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने 'श्री सयाजी शासन कल्पतरू' हा राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश निघाला. महाराजांनी कारभार गुजरातीत आणला, ते योग्यच होते, पण म्हणून मराठीला दार लावले नाही. छापखान्याचे खिळे जुळवून जे झाले ते आज एका यंत्रात होत नाही, हे मला पटत नाही.

घटनेचे कलम 350 आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचले असेल. गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, यथास्थिती केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क त्यात प्रत्येकाला दिला आहे. खासगी कंपनीला ते लागू करता येणार नाही. पण सरकारी खात्याने तक्रार घ्यायला माणसाऐवजी यंत्र बसवले, तर तो हक्क यंत्रापाशी येऊन संपतो काय, हा प्रश्न आपण लेखी विचारला पाहिजे.

दुसरी मागणी माणसाची. ऑस्ट्रेलियातील कॉमनवेल्थ बँकेने 2025 साली फोनवर बोलते यंत्र बसवून 45 जणांच्या जागा रद्द केल्या. कर्मचारी संघटना भांडली, आणि ऑगस्टमध्ये बँकेने चूक मान्य करून निर्णय मागे घेतला. कॅनडात एका विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील उत्तरे देणाऱ्या यंत्राने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. त्या उत्तराला यंत्रच जबाबदार, अशा धर्तीचा बचाव कंपनीने केला! 2024 साली तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. म्हणून यंत्र काय म्हणाले, किती वाजता म्हणाले, तक्रार क्रमांक काय दिला, हे वहीत लिहून ठेवत जा.

बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी चौकशीचा क्रमांक 14448. इतर मालाच्या व सेवांच्या तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. दोन्हीकडे मराठीची सोय आहे, पण ती मागितली तरच टिकेल. मुलांना सांगून हिंदीत काम उरकून घेतले, तर त्यांच्या हिशेबात वडोदऱ्यातून मराठी कुणी मागितलीच नाही असे होते. आणि हो, आपणहून आलेल्या फोनवर आवाज कितीही ओळखीचा वाटला तरी ओटीपी किंवा पिन सांगू नका. आवाजाची हुबेहूब नक्कल आता होते. फसगत झालीच तर लगेच 1930 लावा.

मावशींची पेन्शन पुढे सुरू झाली, तीही भाचा सुट्टी काढून शाखेत गेला तेव्हा. दाखला पोहोचलेला होता, नोंद करायची राहिली होती. पाच मिनिटांचे काम.

आता कामाचे बोलतो. 'भाषिणी'च्या 'भाषादान' उपक्रमात कुणालाही आपला आवाज देता येतो. वडोदऱ्याची मराठी जशी आहे तशीच तिथे जाऊ द्या, पुणेरी करू नका. ज्येष्ठांना मदत करायला मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी दहा ते बारा तरुण मंडळी बसतील. मराठीचा पर्याय आणि माणसाशी बोलण्याची सोय, या दोन्ही मागण्यांच्या निवेदनाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. खाली आपल्या बँकेचे नाव घालायला जागा आहे. सही मराठीतच हवी असे नाही, पासबुकावर जशी आहे तशीच करा, नाहीतर अर्ज परत यायचा.